पाणी अडवलंय कशानं? काश्मीरच्या तळ्यांना निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातला आठ जणांचा गट ऑगस्टमध्ये सोनमर्गहून निघून नारानागला उतरणारा काश्मीरच्या तळ्यांचा ट्रेक करणार आहे. विचारणाऱ्यानं तीन गोष्टी विचारल्यात. इतक्या उंचावर, एका रांगेत एवढी तळी आली कुठून? फोटोत प्रत्येक तळ्याचा रंग वेगळा का दिसतो? आणि तिसरी गोष्ट घरच्यांनी लावून धरलेली: सिक्कीममध्ये २०२३ ला तळं फुटलं, तसं तुम्ही तिथं असताना झालं तर?

मी कॉलेजात भूगोल शिकवला आणि उन्हाळी सुट्टीत पोरांना घेऊन हिमालयात बराच फिरलो. दरवर्षी कुणीतरी हेच तीन प्रश्न विचारतं आणि दरवर्षी मी उलटा एकच प्रश्न विचारतो: पाणी अडवलंय कशानं? हे कळलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

घराजवळचं उदाहरण घेऊ. रंकाळा जुन्या दगडी खाणीच्या खड्ड्यात पाणी साठून झाला असं आपल्याकडं सांगतात. नंतर त्याला बांधही घातला, पण मूळ खड्डा खडकातला. कळंबा तलाव मात्र ओढ्याच्या वाटेत बांध घालून अडवलेला. आता मनातल्या मनात दोन्हींचे बांध काढून टाका. कळंब्याचं पाणी वाहून जाईल, खाणीच्या खड्ड्यातलं बरंचसं तिथंच राहील. बर्फानं केलेल्या तळ्यांतही हाच भेद आहे. काही खडकात खोदलेली, काही राडारोड्याच्या बांधानं अडवलेली. तिसराही एक प्रकार आहे, ज्यात बांधच बर्फाचा असतो. त्याच्याकडं नंतर येतो.

आधी खोदकाम. हिमनदी म्हणजे नुसता गोठलेला ओढा नव्हे. शंभर-दोनशे मीटर जाडीचा बर्फ स्वतःच्या वजनानं सरकतो, तळाशी चिकटलेले दगड घेऊन सरकतो आणि खालचा खडक घासत, उपटत नेतो. डोंगराच्या कुशीत जिथं बर्फ साठायला सुरुवात होते तिथं तो खाली दाबला जातो आणि पुढं सरकताना थोडा वर उचलला जातो. त्यामुळं मागं उभी भिंत, मध्ये खोलगट आणि पुढं खडकाचा बुटका उंबरठा असा आकार तयार होतो. शाळेच्या पुस्तकात याला हिमगव्हर म्हणतात. मी पोरांना सूप डोळ्यांपुढं आणायला सांगायचो: तीन बाजूंनी काठ, चौथी उघडी. फक्त त्या उघड्या तोंडाशी एक दगडी उंबरठा आहे असं धरा. बर्फ वितळून गेला की त्या उंबरठ्यामागं पाणी उरतं. झालं तळं.

ही खोदायची ताकद किती, ते आल्प्समध्ये बघावं. उत्तर इटलीतलं कोमो सरोवर चारशे मीटरपेक्षा जास्त खोल आहे आणि त्याच्या पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंच आहे. म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही बराच खाली. नदी असं खोदू शकत नाही. तिला उताराला लागूनच जावं लागतं, आणि समुद्राला भिडली की तिचं खोदणं संपलं. बर्फाला ती अट नाही. मागून दाब असेल तर तो खोलगटात उतरून पलीकडच्या चढावरून बाहेरही पडतो. आपल्या सह्याद्रीत डोंगर आहेत, पाऊस तर हवा त्यापेक्षा जास्तच आहे, तरी पन्हाळ्यावर किंवा दाजीपुराकडं अशी नैसर्गिक तळी का नाहीत, याचं उत्तर यात आहे. इथल्या दऱ्या पाण्यानं कापल्या आणि वाहतं पाणी स्वतःची वाट अडवून बसत नाही.

आता तुमच्या वाटेवरची तळी. "एका रांगेत" या शब्दांशी मी थोडा अडतो. नकाशावर ती ओळीनं दिसतात, कारण ट्रेकची वाट त्यांना माळेसारखी ओवते. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या खोऱ्यांत आहेत. म्हणून तर एका तळ्याकडून दुसऱ्याकडं जाताना तुम्हाला निचनाई, गडसर, जाज अशा चार हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी चढाव्या लागतात. विशनसर, कृष्णसर आणि गडसरचं पाणी उत्तरेला किशनगंगेकडं जातं. गंगाबल आणि नुंदकोलचं वांगथ नाल्यानं सिंध नदीला मिळतं (ही झेलमची उपनदी, सिंधू नव्हे). तळी साधारण एकाच उंचीच्या पट्ट्यात, साडेतीन ते पावणेचार हजार मीटरवर आहेत, म्हणजे पन्हाळ्याच्या जवळजवळ चौपट उंचीवर. हा पट्टा योगायोगाचा नाही. जुन्या थंड काळात बर्फ साठायला आणि खोदायला सुरुवात व्हायची ती उंची साधारण या पट्ट्यात होती. खालच्या दऱ्यांत हिमनद्या उतरल्या, पण ही सुपं वरच कोरली गेली.

खरी रांग दोन ठिकाणी बघायला मिळेल. कृष्णसर वर आणि विशनसर त्याच्या खाली. गंगाबल वर आणि नुंदकोल खाली. हिमनदी उतरताना सगळीकडं सारखं खोदत नाही. खडक भेगाळलेला असेल तिथं खोल जाते, घट्ट असेल तिथं वरवर घासून पुढं सरकते, आणि दरीला पायऱ्या पडतात. प्रत्येक पायरीच्या खोलगटात एक तळं, मधल्या उंबरठ्यावरून पाणी खालच्या तळ्यात. गडसर खिंड चढताना दम लागेलच, तेव्हा थांबून मागं वळा. कृष्णसर आणि विशनसर एकाच नजरेत येतात. ती पायरी त्या उंचीवरूनच नीट कळते, तळ्याच्या काठावर उभं राहून कळत नाही. बहुतेक लोक तिथं फक्त सेल्फी काढतात, चालायचंच.

सातसरला गेल्यावर सात मोजत बसू नका. तिथली तळी उथळ आहेत, हंगाम सरत आला की काही आटतात. दगडमाती वाहून येते, तळं भरत जातं, काठानं गवत चढतं आणि शेवटी कुरण होतं. वाटेत तुम्ही ज्या सपाट हिरव्या कुरणांत तंबू लावाल त्यातली काही कधीकाळी तळी होती असं समजायला हरकत नाही.

रंगाचं उत्तर जात्यात आहे. दगडावर दगड घासला की पीठ पडतं. हिमनदीखालचं पीठ इतकं बारीक असतं की ते पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतं आणि प्रकाशातला निळा-हिरवा भाग विखुरतं. ज्या तळ्यात आजही हिमनदीचं पाणी थेट येतं ते दुधाळ, राखाडी किंवा फिकट हिरवट दिसतं. वरची हिमनदी आटली असेल, किंवा मध्ये एखादं तळं गाळणीचं काम करत असेल, तर खालचं पाणी नितळ आणि गडद निळं. पण रंगावरून लगेच निष्कर्ष काढू नका. ढग, उन्हाचा कोन, खोली, काठाजवळचं शेवाळ, यातल्या प्रत्येकानं रंग बदलतो. सकाळी एक आणि दुपारी दुसराच, असं एकाच तळ्याचं मी पाहिलंय. आणि फोटोतला रंग तर मोबाईलवाल्यांनी ठरवलेला असतो.

आता भीतीचा प्रश्न. इथं मी "काही होत नाही हो" असं सांगणार नाही आणि घाबरवणारही नाही. उत्तर खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहे.

सिक्कीममध्ये काय झालं ते आधी नीट समजून घ्या. दक्षिण ल्होनक हे हिमोढानं अडवलेलं सरोवर. हिमोढ म्हणजे हिमनदीनं ढकलून आणलेला दगड, गोटे, वाळू आणि मातीचा ढीग. हिमनदी मागं सरकली की हा ढीग बांधासारखा उभा राहतो आणि मधल्या जागेत वितळलेलं पाणी साठतं. हिमनदी जसजशी मागं जाते तसतसं तळं मोठं होतं. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री या सरोवराच्या बाजूचा गोठलेला हिमोढ, सुमारे १.४७ कोटी घनमीटर, पाण्यात कोसळला. वीसेक मीटर उंचीची लाट उठली आणि तिनं समोरचा बांध ओलांडून कापला. सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी बाहेर पडलं. आपल्या भाषेत पावणेदोन टीएमसी. राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी, म्हणजे राधानगरीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं पाणी. त्यानं खाली चुंगथांगचं १२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून नेलं.

पाचवा हिस्सा ऐकून कोल्हापूरकर म्हणेल, एवढंच? आपण महापूर बघितलेली माणसं. २००५, २०१९, २०२१. पण आपला पूर आणि हा पूर यांची जातच वेगळी आहे. पंचगंगा फुटाफुटानं चढते. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि आपण दिवसभर आकडे बघत, मच्छिंद्री होणार का, म्हणजे पाणी शिवाजी पुलावरच्या माशाच्या आकृतीपर्यंत चढणार का, यावर गप्पा मारत बसतो. जनावरं हलवायला, माळ्यावर सामान चढवायला वेळ मिळतो. त्रास होतो तो पाणी उतरत नाही म्हणून. हिमतळं फुटल्यावर नेमकं उलटं. बांधाला खाच पडली की पाणी ती खाच कापतं, खाच रुंदावते, जास्त पाणी येतं, आणखी कापतं. राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला तर त्यातून १४२८ क्युसेक येतं, एवढंच, कारण दरवाजाची चौकट पक्की आहे. इथं चौकटच वाहून जाते. त्यात उतार प्रचंड, दरी अरुंद, आणि पाण्यापेक्षा दगडगोटेच जास्त. काही तासांत सगळं आटोपतं. ज्यांनी १२ जुलै १९६१ चं पानशेत थोरामोठ्यांकडून ऐकलंय त्यांना मातीचा बांध कापला जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

केदारनाथच्या वरचं चोराबारी तळंही असंच, हिमोढानं अडवलेलं. जून २०१३ मध्ये मोठा पाऊस आणि वितळतं बर्फ यांनी ते भरलं आणि १७ जूनच्या सकाळी फुटलं. तळं लहानच होतं. पण खाली दोनेक किलोमीटरवर देवळाभोवतीचं गजबजलेलं गाव होतं. म्हणून तळं केवढं आहे यापेक्षा खाली काय आहे आणि किती जवळ आहे, हे मी आधी विचारतो.

बांधच बर्फाचा असला तर गोष्ट आणखी बेभरवशाची. स्वित्झर्लंडमध्ये बान्येच्या खोऱ्यात १८१८ साली जिएत्रो हिमनदीवरून कोसळलेल्या बर्फानं नदी अडवली आणि मागं लांबलचक तळं साठलं. इग्नाझ व्हेनेट्झ नावाच्या अभियंत्यानं बर्फातून बोगदा खणून पाणी सोडायला सुरुवात केली. बरंचसं पाणी निघालंही. पण वाहत्या पाण्यानं बर्फ झिजत गेला आणि १६ जूनला उरलेला बांध फुटला. बोगदा काढला नसता तर नुकसान कितीतरी जास्त झालं असतं. मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. हाच व्हेनेट्झ नंतर, आल्प्समधल्या हिमनद्या पूर्वी कितीतरी लांबवर पसरल्या होत्या, हे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत होता. आज आपण हिमगव्हर वगैरे शब्द सहज वापरतो, त्याच्या मुळाशी अशा संकटांत डोंगर चढलेली माणसं आहेत. तुमच्या वाटेवर बर्फाच्या बांधाचं तळं नाही. काराकोरममध्ये आहेत. तिथं मे २०२२ मध्ये शिस्पर हिमनदीनं अडवलेलं पाणी सुटलं आणि हसनाबादचा पूल घेऊन गेलं.

मग तुमच्या तळ्यांचं काय? ती मुख्यतः खडकात कोरलेल्या खोलगटांतली, काठावर हिमोढाची भर असलेली आहेत. खडकाचा उंबरठा पाण्यानं एका रात्रीत कापला जात नाही. त्यामुळं सिक्कीमसारखं संपूर्ण तळं रिकामं होणं ही मला इथली पहिली काळजी वाटत नाही. पण एक गोष्ट सांगायला हवी. नुंदकोल आणि गंगाबलच्या डोक्यावर हरमुखची हिमनदी लटकलेली आहे. वरून बर्फ किंवा दरड मोठ्या प्रमाणात तळ्यात पडली तर बांध शाबूत राहूनही लाट उंबरठ्यावरून उसळू शकते. याची शक्यता कमी. तरी कमी म्हणजे शून्य नव्हे. म्हणून तिथं तंबू लावताना तळ्यातून निघणाऱ्या ओढ्याला चिकटून लावू नका, दहा-पंधरा मीटर वरची जागा बघा. रात्री पाण्याचा आवाज थोडा लांबून आला म्हणून काही बिघडत नाही.

हा सल्ला मी चुकून शिकलोय. पुष्कळ वर्षांपूर्वी लाहौलमध्ये मुलांचा मुक्काम एका ओढ्याकाठच्या सपाट वाळूवर टाकला. सकाळी दहाला घोट्याएवढं पाणी होतं. दुपारभर वर बर्फ वितळला आणि संध्याकाळी पाचला स्वयंपाकाची भांडी वाहत निघाली. फुटलंबिटलं काही नव्हतं. हिमनदीच्या ओढ्याला दुपारनंतर रोजच चढ येतो, एवढंच मी विसरलो होतो. त्या रात्री अर्ध्या मुलांनी ओल्या पिशव्यांत झोप काढली आणि त्यांची बोलणी मी पुढं वर्षभर ऐकली. तेव्हा ओढा ओलांडायचा तो सकाळी. तुमच्या ट्रेकवर तळं फुटण्यापेक्षा हा रोजचा चढ, अचानक आलेला पाऊस आणि उंचीचा त्रास यांनीच माणसं जास्त अडचणीत येतात. घरच्यांना समजवायचं तर हे सांगा.

आणखी एक कबुली. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत पूर आला तेव्हा, बातम्या बघून, मीही जुन्या विद्यार्थ्यांना ठामपणे लिहिलं की हिमतळं फुटलं. साफ चुकलो. रोंती शिखराचा प्रचंड कडा त्यावरच्या बर्फासकट, एकूण सुमारे २.७ कोटी घनमीटर, दरीत कोसळला होता. घर्षणानं बर्फाचं पाणी झालं आणि तो लोंढा खाली गेला. वर तळं नव्हतंच. तेव्हापासून डोंगरात पूर आला की "तळं फुटलं" म्हणायच्या आधी मी वरच्या भागाची उपग्रह प्रतिमा बघतो.

तुम्हीही ती घरबसल्या बघू शकता आणि निघण्याआधी बघाच. तळं शोधा. पाणी बाहेर पडतं ती जागा मोठी करून पाहा. तिथं गुळगुळीत, सलग खडक दिसतो की धनुष्यासारखा वाकलेला राखाडी ढिगारा? तळ्याच्या वरच्या टोकाला बर्फ थेट पाण्याला टेकलाय की मध्ये अंतर आहे? उभ्या कड्यांवर भेगाळलेला बर्फ लटकतोय का? मग जुन्या वर्षांच्या प्रतिमा लावून तळं वाढलंय का तपासा. इस्रोनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. भारतात उतरणाऱ्या हिमालयातल्या नद्यांच्या खोऱ्यांत १० हेक्टरपेक्षा मोठी २,४३१ सरोवरं त्यांनी २०१६-१७ मध्ये नोंदवली आणि त्यातली ६७६ सरोवरं १९८४ पासून ठळकपणे वाढलेली आढळली. या ६७६ पैकी ३०७ हिमोढानं अडवलेली, २६५ खडक झिजून झालेली आणि ८ बर्फानं अडवलेली होती. आल्प्सही मागं नाही. एकट्या स्वित्झर्लंडमध्ये १८५० पासून जवळपास १,२०० नवी तळी झाली. हिमनदी मागं सरकली की तिनं खोदून ठेवलेले खड्डे उघडे पडतात आणि भरतात, इतकं ते सरळ आहे. त्यातली बहुतेक कुणाच्या केसालाही धक्का लावणार नाहीत. हिमोढवाली, वाढणारी आणि खाली वस्ती असलेली, एवढीच चाळून काढायची असतात. नेपाळमध्ये इम्जा तळ्याची पातळी २०१६ मध्ये चर खणून तीन मीटरहून थोडी जास्त उतरवली. म्हणजे उपाय आहेत, पण पाच हजार मीटरवर यंत्रं चढवायची म्हणजे काय दिव्य, ते तुम्ही स्वतः सॅक घेऊन चढाल तेव्हा कळेल.

तर गट म्हणून ठरवायचं ते एवढंच: निघण्याआधी प्रतिमा बघा, ओढे सकाळी ओलांडा, गंगाबलला तंबू उंचावर लावा. आणि एक काम माझं करा. नुंदकोलमधून ओढा जिथं बाहेर पडतो तिथं उघडा, गुळगुळीत खडक मिळाला तर तळहात फिरवून बघा. एकाच दिशेनं गेलेले समांतर ओरखडे लागले तर ते हिमनदीतल्या दगडांनी काढलेत. दिसले तर शेजारी होकायंत्र ठेवून फोटो काढा आणि मला पाठवा, बर्फ कुठल्या बाजूनं आला होता ते मला बघायचंय.